एरॉक्सच्या मागच्या चाकाला कारचा टायर: बसेल, पण बसवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यामाहा एरॉक्स १५५ स्कूटर, मागचा टायर १२ हजार किलोमीटरला गोटा झाला, त्याच मापाचा नवा महाग वाटतोय, आणि टायरवाला म्हणतोय की कारचा १५५/६५ आर १४ याच रिमवर आरामात बसेल. शिवाय दुचाकीला कारचा टायर लावणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. माझं उत्तर 'नको' असं आहे. पण टायरवाला थाप मारत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मापं. एरॉक्सचा मागचा टायर १४०/७०-१४. रिम चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिमी, त्यात १४० मिमी रुंदीच्या ७० टक्के म्हणजे ९८ मिमीची भिंत (टायरची बाजू) वर आणि खाली मिळवली की व्यास साधारण ५५२ मिमी. हाच हिशोब १५५/६५ आर १४ ला लावला तर ५५७. फरक जेमतेम एक टक्का, म्हणून टायरवाल्याचे डोळे चमकले. बाकी स्कूटरवाल्यांना हा मोह होत नाही, कारण त्यांचं गणितच जमत नाही. एनटॉर्कचा मागचा ११०/८०-१२ म्हणजे ४८१ मिमी, आणि अल्टो ८०० चा १४५/८० आर १२ म्हणजे ५३७. तो आत जाणारच नाही. अ‍ॅक्टिव्हाला मागे १० इंची रिम. त्या मापाचं चाक १९५९ च्या मूळ ब्रिटिश मिनीला होतं, ती शोधत बसा. (आपे रिक्षाचा ४.५०-१० मिळतो, पण तो आठ प्लायचा, म्हणजे आठ थरांच्या ताकदीचा, माल वाहायचा टायर. स्कूटरखाली दगड बांधल्यासारखी गाडी चालेल.)

तर व्यास जुळला. पण तुमच्या जुन्या टायरवर मापाच्या पुढे 'एम/सी' (मोटरसायकल) अशी अक्षरं दिसतील. १३ इंच आणि त्यापुढच्या दुचाकी टायरांवर ती असतात, ती याचसाठी की आकडा तोच असला तरी दुचाकीची रिम आणि कारची रिम एक समजू नये. बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कडक किनार, जिथे टेकते त्या कडेची घडण दोन्हीकडे वेगळी असते. त्यामुळे कारचा टायर दुचाकीच्या रिमवर सहज 'टप्प' करून बसत नाही, आणि मग दुकानातला पोऱ्या हवा मारतच राहतो. अनेक कार टायरांच्या भिंतीवर स्पष्ट छापलेलं असतं की बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. तिथे ६०-७० मारली जाते तेव्हा चाकावर वाकून बघणारा माणूस बहुधा गाडीचा मालक असतो.

स्कूटरमध्ये आणखी एक अडचण आहे. आपलं इंजिन आणि मागचं चाक एकाच तुकड्यात वरखाली होतं. एका बाजूला बेल्टचं कव्हर, दुसऱ्या बाजूला सायलेन्सर, आणि मधली फट मोजकी. स्टँडवर चाक हाताने फिरवून 'कुठे घासत नाही' म्हणणं सोपं आहे; दोघं बसून खड्ड्यात आदळल्यावर टायरची भिंत किती फुगते ते स्टँडवर कळत नाही.

आता अमेरिकेचं. तिथे या प्रकाराला 'डार्कसाइड' म्हणतात आणि करणारे वेडे नाहीत. ते प्रामुख्याने होंडा गोल्डविंग या अवजड, लांब पल्ल्याच्या मोटरसायकलवाले, आणि स्कूटरमध्ये सुझुकी बर्गमन ६५० वाले. (ही बर्गमन म्हणजे आपल्याकडची १२५ सीसीची बर्गमन स्ट्रीट नव्हे. ही ६३८ सीसीची, पावणेतीनशे किलोची, मागे १६०/६० आर १४.) सरळसोट हायवेवर शेकडो मैल, मागच्या टायरचा मधला पट्टा भराभर उडतो, आणि कारचा टायर कितीतरी जास्त चालतो. त्यांच्या वापराला ते थोडंफार पटण्यासारखं आहे.

पण वजन बघा. जुनी जीएल १८०० गोल्डविंग चारशे किलोच्या वर. दोन माणसं आणि डिक्क्या भरल्या की मागच्या चाकावर साडेतीनशेच्या आसपास भार येतो. १५५/६५ आर १४ वर बहुतेक वेळा ७५ हा भारांक असतो, म्हणजे ३८७ किलो. तुमची एरॉक्स १२६ किलोची. दोघं बसलात तरी मागच्या चाकावर १७०-१८० किलो. निम्म्याहून कमी भारावर तो टायर दबतच नाही, गरम होत नाही, आणि न दबलेला टायर ओल्या डांबरावर काय करतो ते सांगायला नको. मग लोक हवा कमी करतात, म्हणजे भिंत जरा हलेल. हवा कमी केली की बीडची पकड कमी, आणि ती आधीच चुकीच्या कडेवर टेकलेली.

सगळ्यात मोठा मुद्दा झुकण्याचा. कारचं चाक वळणावर जवळजवळ उभंच राहतं, म्हणून टायर सपाट. दुचाकी वळते ती कलून, म्हणून तिचा टायर गोल आणि नक्षी पार भिंतीपर्यंत गेलेली. सपाट टायर कलवला की रस्त्याला टेकणारा भाग मधून उचलला जाऊन एकदम खांद्यावर येतो, आणि गाडी सारखी परत उभी राहू बघते. पुढचा टायर गोलच असतो. तो वळणात शिरतो, मागचा नाही म्हणतो. वळणभर हँडल दाबून धरावं लागतं. तुम्ही लिहिलंय की दर आठवड्याला ताम्हिणीतून माणगावला जाता. जुलैमध्ये त्या घाटात, धुक्यात, समोरून एसटी आली असताना हे भांडण हातात नको. आणि घाट सोडा, नव्या डांबरासाठी खरवडलेला रस्ता किंवा काँक्रीटचे उभे सांधे, दोन्हींवर सपाट टायर रेघेमागे जातो.

कायद्याचं थोडक्यात. कारचा टायर आयएस १५६३३ खाली प्रमाणित होतो, दुचाकी-तीनचाकीचा आयएस १५६२७ खाली. आयएसआय शिक्क्याजवळ हा आकडा वाचता येतो. गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चौकातला हवालदार टायरचा आकडा वाचत बसत नाही हे मलाही माहीत आहे. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर वाचतो.

सपाट टायरला अर्थ आहे तो न झुकणाऱ्या गाडीत. साइडकार असेल, किंवा दिव्यांग चालकांसाठी मागे दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर असेल, तर मधलं चाक उभंच राहतं आणि गोल टायरचा मधला पट्टा उगाच झिजतो. अशा गाड्यांना मी स्वतः सपाट नक्षीचा, पण दुचाकीचाच आणि त्याच मापाचा टायर सुचवतो.

तुमच्या खर्चाचं काय? १४०/७०-१४ चा जरा कडक रबराचा टायर घ्या. नरम रबराला १२ हजार ही काही वाईट मजल नाही, पकड हवी तर ती किंमत असते. १५० मिमी रुंदीच्या टायरच्या भानगडीत पडू नका. हवा गाडी थंड असताना, स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे, एकट्याची वेगळी आणि डबलसीटची वेगळी. पेट्रोल पंपावरच्या गेजवर डोळे झाकून विश्वास नको. खिशातलं गेज फार महाग नसतं. नव्या टायरबरोबर व्हॉल्व्ह बदलून घ्या, फिरण्याच्या दिशेचा बाण बघा, आणि भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा: '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला टायर गळ्यात मारून घेऊ नका. दुचाकीसाठी नक्षीची खोली कमीत कमी ०.८ मिमी हा नियम आहे, पण पावसाळ्यात मी त्याच्या बऱ्याच आधी बदलतो.

आणि जुना टायर दुकानात टाकून येण्याआधी तो कुठे झिजलाय ते बघा. मध्येच झिजला असेल तर हवा जास्त किंवा हायवे जास्त. एकाच बाजूने झिजला असेल तर चाकाचं बेअरिंग आणि इंजिन टांगलेले बुश तपासायला लावा, नाहीतर नवा टायरही तसाच जाईल. जागोजागी चट्टे पडले असतील तर फक्त मागचा ब्रेक दाबायची सवय आहे का ते आठवा. टायरचा आणि रिमवर कोरलेल्या मापाचा असे दोन फोटो टाका, मग कुठला टायर घ्यायचा ते नाव घेऊन सांगतो.