माईआजी खऱ्या बातमीची गोष्ट का करते

प्रिय मनू,

परवा जेवताना मी तुला दिवाळी अंकातली माईआजीची गोष्ट वाचून दाखवली. ती संपल्यावर तू विचारलंस, "खरी बातमी एवढी भारी होती, मग तिनं ती खोटी का केली? आणि दिवाळीत तुम्ही लोक असलं वाचत का बसता?" बाबा हसला. मला हसू आलं नाही, पण तेव्हा उत्तरही देता आलं नाही. म्हणून लिहितेय. मराठीत लिहिलंय, तेव्हा वेळ लागेल. अडलं तर विचार, कंटाळलास तर मध्येच सोड. परीक्षा घेणार नाहीये.

बातमी तर आपल्याकडचीच, इथल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातली. जानेवारी २०२३. न्यूमनजवळच्या खाणीतून पर्थला येणाऱ्या ट्रकमधून सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाची कुपी रस्त्यात कुठंतरी पडली. आठ मिलिमीटर उंच, सहा मिलिमीटर रुंद. ती ज्या यंत्रात बसवलेली होती त्याचा बोल्ट हादऱ्यांनी निघाला आणि त्याच्या भोकातून ती बाहेर पडली. रस्ता १४०० किलोमीटरचा. पाच मीटरच्या आत जाऊ नका, गाडीचे टायर बघून घ्या, असं रेडिओवर सारखं सांगत होते. माझ्या माईआत्यानं, म्हणजे तुझ्या माईआजीनं, पुण्यात ते पेपरात वाचलं आणि मला फोन केला, "सापडली का गं?" १ फेब्रुवारीला सापडली. ताशी ७० किलोमीटर वेगानं चाललेल्या गाडीतल्या यंत्रानं ती हेरली, रस्त्यापासून दोन मीटरवर.

माईआत्याच्या गोष्टीत ती कुपी फलटणच्या रस्त्यावर पडते आणि एका मेंढपाळाचं पोर ती खिशात टाकतं. साहेब लोक यंत्रं लावून फिरतात, ते पोर त्यांच्या बाजूनं रोज मेंढरं हाकत जातं, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. तू म्हणालास, "असं झालंच नव्हतं." नव्हतंच झालं.

दिवाळी अंकांबद्दल थोडक्यात सांगते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्याकडे फराळाच्या ताटाशेजारी अंक असतोच. आमच्याकडे अण्णा दोन अंक विकत घ्यायचे, बाकीचे वाचनालयाच्या योजनेतून यायचे. आधी अण्णा, मग दादामामा, मग मी. तुझ्या आजीच्या हाती अंक यायचा तो मार्गशीर्षात, तेलाचे डाग पडलेला. हे मला तेव्हा दिसत होतं, पण विचित्र वाटत नव्हतं. आता वाटतं.

माईआत्या नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्याबरोबरच राहायची. तू तिला पाहिलंयस ते कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, खुर्चीत बसलेली. माझ्या लहानपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावायला लागायचा आणि तो जोडून द्यायला अशा बायका बसलेल्या असायच्या. ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची. त्यातून तिनं लिहिण्याचा आठवडा बसवला होता आणि तो आठवडा आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

रविवारी कात्रणं. सकाळी पोहे झाले की ती आठवड्याचे पेपर घेऊन ओसरीवर बसायची. शेजारच्या काकांकडचा इंग्रजी पेपरही यायचा, पण सगळ्यांचा वाचून झाल्यावरच. मी गव्हाच्या पिठाची खळ करायचे, ते माझं काम होतं आणि ते मी दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाही. राजकारण ती कापायची नाही. दोन डोक्यांचं वासरू, विहिरीत पडलेला बिबट्या, नवा धूमकेतू, माणसाच्या रक्तात सापडलेलं काहीतरी, असलं सगळं एका जुन्या हिशेबाच्या वहीत जायचं. शास्त्रज्ञांची बातमी आणि वासराची बातमी एकाच पानावर. अण्णा म्हणायचे, निदान वेगवेगळ्या वह्या तरी कर. तिनं कधीच केल्या नाहीत. ती म्हणायची की दोन्ही बातम्या वाचून माणूस एकाच पद्धतीनं मान वर करतो. आणि मान वर केल्यावर तो कुणाकडं बघतो, ते तिला लिहायचं असायचं.

सोमवार ते बुधवार ती काही लिहायची नाही. ड्यूटी, रॉकेलची रांग, दळण. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी तिनं मुद्दाम मागून घेतली होती. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची, त्यामुळे कोपऱ्यावरची गिरणी बंद, रेडिओ बंद, अख्खा वाडा गप्प. खिडकीच्या उजेडात संध्याकाळपर्यंत ती लिहायची. शुक्रवारी फुलस्केपवर एका बाजूनं मुद्रणप्रत, खाली कार्बन. शनिवारी सिटी पोस्ट. परतीचं तिकीट लावलेलं पाकीट आत घालायचं, कारण गोष्ट बहुतेक वेळा 'साभार परत' यायची. दिवाळीची गोष्ट श्रावणाच्या आतच जायला हवी असायची, म्हणून आमच्या घरी ऐन पावसाळ्यात दिवाळीचं बोलणं चालायचं. छापून आली तर मनीऑर्डर यायची. त्या पैशात काय व्हायचं ते सांगत नाही, कारण फार काही व्हायचं नाही.

स्कायलॅब तुला माहीत आहे. एस्परन्सच्या म्युझियममध्ये आपण तिचे तुकडे पाहिले. तू काचेला नाक लावून उभा होतास आणि मी मागं उभी राहून नारायण पेठ आठवत होते. जुलै १९७९. मी दुसरीत. अमेरिकेची ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा खाली पडणार आणि कुठं पडेल ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. आमच्या शाळेतल्या मुली दप्तर डोक्यावर धरून घरी आल्या. वाड्यातल्या आजींनी देव पाण्यात घातले. माईआत्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. लोक ट्रंक कॉल लावून गावाकडं नुसतं एवढंच विचारत होते, सगळे बरे आहात ना? स्कायलॅब पडली शेवटी हिंदी महासागरात आणि तुमच्या ऑस्ट्रेलियाच्या या पश्चिम भागात. एस्परन्सच्या नगरपालिकेनं कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड केला आणि तो भरला गेला २००९ साली, तोही एका अमेरिकन रेडिओ निवेदकानं श्रोत्यांकडून पैसे जमवून. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा माईआत्या कितीतरी वेळ आनंदानं "हो का? हो का?" करत राहिली.

तर त्या वर्षी तिनं स्कायलॅबवर गोष्ट लिहिली. एक सून घाबरल्याचं निमित्त करून कितीतरी वर्षांनी माहेरी फोन लावते, अशी. मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, "ही बाई खरी का? तू ऐकलेली?" ती चिडली. मी तिला तेवढी चिडलेली पुन्हा पाहिली नाही. "लाईनवर कानी आलेलं मी कागदावर कधी आणलं नाही आणि आणणार नाही," असं म्हणाली. त्या रात्री तिनं किती जणांची रडणी ऐकली असतील. त्यातलं एकही तिनं वापरलं नाही. घटना पेपरातून घ्यायची, कारण ती सगळ्यांची असते. माणसं मात्र आपली आपण घडवायची, कारण खरी माणसं त्यांची त्यांची असतात.

मनू, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडं असलेलं उत्तर हेच आहे. न्यूमनच्या रस्त्यावर ज्यांचा बोल्ट निघाला, जे शोधायला गेले, त्यांच्या घरात काय झालं हे माईआजीला माहीत नाही. माहीत असल्याचं ढोंग ती करणार नाही. म्हणून ती फलटणला गेली. तिथला रस्ता तिला ठाऊक आहे आणि मेंढरांमागचं पोर तिचं स्वतःचं आहे. मला हे खोटं बोलणं वाटत नाही. मला ते फार सभ्य वाटतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी नुसती कौतुक करतेय असं तुला वाटेल. एका वर्षी तिच्या गोष्टीत रात्री उशिरापर्यंत अनारसे तळणारी भावजय होती. त्या भावजयीचं घर, ओट्याची उंची, कपाळावरचा केस मनगटानं मागं सारणं, सगळं तुझ्या आजीचं. आजीनं मार्गशीर्षात ती गोष्ट वाचली. माईआत्याला एवढंच म्हणाली, "माझ्या हातात झारा दिलात, पेन द्यायला हरकत नव्हती." माईआत्या काही बोलली नाही. मला अजून ठरवता येत नाही की ती कुठं चुकली. आणि हेही खरंच आहे की गुरुवारी माईआत्या खिडकीत बसायची तेव्हा विझलेला स्टोव्ह पेटवून सगळ्यांचं रांधायला तुझी आजीच असायची. एका घरात एकीला लिहिता यावं म्हणून दुसरीचा गुरुवार गेला. आपल्या वाचनवेड्या पुण्याचं कौतुक ऐकते तेव्हा मला तो स्टोव्ह आठवतो.

तरीही. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो म्हणून सगळीकडं रांगा लागल्या. पुण्यात तर काय विचारता. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेऊन दाखवलं की मूर्तीला चमचा टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन अंगावरून खाली उतरतं. दादामामा आणि मी दोघंही तेव्हा हट्टानं हुशार होतो, रांगेतल्या लोकांवर तुटून पडत होतो. माईआत्याला पृष्ठताण आमच्याआधी कळला होता. ती तरीही रांगेत जाऊन उभी राहिली, दूध न घेता. घरी येऊन म्हणाली, पुढच्या बाईच्या वाटीत पाव लिटरसुद्धा नव्हतं गं, आणि घरी तान्हं मूल आहे म्हणत होती. विज्ञान तिनं कधी नाकारलं नाही. पण ते समजलं की त्या बाईबद्दलचं काम संपलं, असं तिला वाटायचं नाही. तिच्याकडून मी काही घेतलं असेल तर हे, आणि तुझ्यापर्यंत यावं असं मला वाटतं तेही हेच. दिवाळी अंक नाही वाचलास तरी चालेल.

मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेलाही ती गोष्टी पाठवायची. १९७४ साली त्याच स्पर्धेला जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावानं गोष्ट पाठवली होती. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, नावाचा प्रभाव पडू नये म्हणून हस्ताक्षरसुद्धा त्यांच्या पत्नीचं, आणि बक्षीस मिळालं. माईआत्याला कधी मिळालं नाही. पण ही हकीकत ती इतक्या प्रेमानं सांगायची की जणू तिच्याच घरात घडली. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा ती बातमी तिनं वहीत एका अख्ख्या पानावर एकटीच लावली. शेजारी वासरू नाही, बिबट्या नाही.

लॉकडाऊनमध्ये तिच्या सोसायटीत पेपर यायचा बंद झाला तेव्हा मी फोनवर बातम्या वाचून दाखवायचे आणि ती त्या हातानं वहीत उतरवून घ्यायची. जून २०२०मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. उल्का आदळून झालेलं ते सरोवर तुला एकदा दाखवायचंय. पाणी कमी झालं, क्षार वाढले आणि मिठात वाढणाऱ्या जीवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, हे शोधलं आपल्या पुण्यातल्याच आघारकर संस्थेनं. तू तेव्हा लहान होतास, फोनवर मध्येच ओरडलास, "मग मासे पण गुलाबी का?" तिनं ते वाक्य वहीत तारीख घालून लिहिलंय. मी पाहिलंय.

हल्ली तिला कात्री नीट धरता येत नाही, कामाच्या मावशी कापून देतात. सध्या ती कशात आहे ते सांगते. इथं मर्चिसनच्या माळावर ती अजस्र रेडिओ दुर्बीण उभी राहतेय ना, छोट्या झाडांसारखे १,३१,०७२ अँटेना, तिच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचं काम पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेनं केलंय. ती बातमी तिच्याकडं गेलीय. दुर्बिणीला त्रास नको म्हणून त्या भागात रेडिओ लहरींवर बंधनं आहेत, हे वाचून तिनं मला विचारलं की मग तिथल्या माणसांना रात्री-अपरात्री कुणाला निरोप द्यायचा असला तर ते काय करतात? मला सांगता आलं नाही. तुमच्या विज्ञानाच्या सरांना कदाचित माहीत असेल. विचारलंस तर तिला तूच कळव. रविवारी आपल्या साडेअकराला, म्हणजे तिथल्या नऊला, ती पेपर घेऊन बसलेली असते. मराठीत अडलास तर इंग्रजीत बोल, ऑपरेटर होती ती, तिला समजतं.

तुझी,
आई