पाऊस सरल्यावर फुलझाडांची जागा बदलताना

वाचकांचे प्रश्न : परसबाग

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या सांदवाडीत जास्वंद, मोगरा, कुंद, दोन कलमी गुलाब, शेवंती आणि निशिगंधाचा एक वाफा आहे. दिवाळीनंतर तेथे नव्या खोल्यांचा पाया खोदायचा असल्यामुळे ही सर्व झाडे विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत न्यावयाची आहेत. जमीन भारी, काळी आहे. झाडे केव्हा आणि कशी काढावीत?
– एक शिक्षिका, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : ही सर्व झाडे एकाच दिवशी हलवण्याचा बेत करू नये. यांतील काही झाडे या दिवसांत नव्या मुळ्या फोडण्याच्या स्थितीत असतात, तर काहींचे सारे बळ कळ्यांकडे लागलेले असते. विदर्भातून मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात परततो, त्यानंतर काही दिवस ऊन तापते, आणि कोजागिरी उलटून रात्री गार होऊ लागल्या की हवा थंड पण माती अद्याप उबदार, असे दिवस येतात. मुळ्या धरण्यासाठी हेच दिवस उत्तम होत. पुढे डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे मुळ्यांची वाढ मंदावते आणि मार्चपासून ऊन पुन्हा चढू लागते. आपल्याकडे झाड मरते ते थंडीने क्वचितच. ते मरते मे महिन्यात, पारा ४५ अंशांपलीकडे गेल्यावर, खोलवर मुळी नसल्यामुळे. म्हणून जास्वंद, मोगरा आणि गुलाब कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या महिन्याभरात हलवावेत. त्यासाठी गवंड्याला आठ-दहा दिवस थांबवावे लागले, तर अवश्य थांबवावे.

काळ्या जमिनीत तारखेपेक्षा वाफसा महत्त्वाचा असतो. माती ओली असताना खड्डा खणला, तर फावड्याच्या घाशीने खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि नवी मुळी त्यांत शिरू शकत नाही. माती पूर्ण वाळू दिली, तर ती भेगाळते आणि झाड काढताना मुळ्यांभोवतीचा गोळा तुकडे होऊन गळून पडतो. मुठीत दाबलेली माती गोळा धरते, परंतु बोटाने टोचताच फुटते, तो दिवस कामाचा समजावा. नव्या जागी दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे आधीच खणून ठेवावेत, ते काही दिवस उन्हात तापू द्यावेत, आणि लागवडीपूर्वी त्यांच्या भिंती खुरप्याने ओरबाडून घ्याव्यात. खड्डा भरताना तीच माती दोन भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग घ्यावे. भारी जमिनीत खड्डा नुसत्या मुरमाने किंवा रेतीने भरण्याची जी पद्धत आहे, ती मला मान्य नाही, कारण सभोवतालची चिकण माती पाणी झिरपू देत नाही आणि असा खड्डा टाक्यासारखा भरून राहतो. त्यापेक्षा झाड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तीन-चार बोटे उंच बसवून भोवती मातीची भर द्यावी.

झाड काढण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी बुंध्यापासून एक-सव्वा फुटावर सब्बलीने किंवा कुदळीने अर्धे वर्तुळ खोल कापावे आणि उरलेले अर्धे वर्तुळ झाड काढण्याच्या दिवशी कापावे. मधल्या काळात कापलेल्या बाजूस बारीक मुळ्या फुटू लागतात आणि झाडाला जागा बदलण्याचा धक्का कमी बसतो. आदल्या दिवशी बेताचे पाणी द्यावे, सायंकाळी झाड मातीच्या गोळ्यासह उचलून ओल्या बारदानात बांधावे आणि त्याच संध्याकाळी लावावे. गोळा खड्ड्यात बसल्यावर बारदान सोडून घ्यावे; प्लास्टिकचे पोते तर कधीही आत राहू देऊ नये. बुंध्याभोवती सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार चार बोटे जाड पसरावे, परंतु ते खोडाला टेकू देऊ नये. पश्चिमेच्या बाजूने पऱ्हाट्या रोवून त्यांवर जुने लुगडे बांधले, की पहिल्या पंधरवड्यापुरती पुरेशी सावली होते. पाणी रोज देण्याची गरज नसते. कुटार बाजूला सारून बोट दोन पेरे मातीत घालावे आणि ओल लागत नसेल तरच पाणी द्यावे. नवी पालवी दिसेपर्यंत युरिया किंवा अन्य रासायनिक खत मुळीच घालू नये.

आता एकेका झाडाविषयी. जास्वंदाच्या फांद्या निम्म्याने छाटाव्यात आणि छाटलेल्या फांद्यांचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे तुकडे सावलीत लावून ठेवावेत. मूळ झाड दगावले तरी वाण हातचा जात नाही. गुलाबाची वार्षिक छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरातच होते, त्यामुळे छाटणी आणि स्थलांतर एकाच वेळी उरकता येते. डोळा भरलेला सांधा मात्र मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याखालून येणारे फुटवे रानखुंटाचे असतात, ते मुळापासून काढावेत. मोगरा हलवणे सोपे आहे, परंतु एक सावधगिरी हवी. एरवी डिसेंबरात मोगऱ्याचे पाणी तोडून, पाने पिवळी पडल्यावर त्याची छाटणी करण्याची आपली रीत आहे. जागा बदललेल्या मोगऱ्याला पहिल्या वर्षी हा ताण देऊ नये. त्या उन्हाळ्यात फुले कमी येतील, ते सोसावे.

कुंद थंडीत फुलतो. कळ्या दिसत नसतील तर लगेच हलवावा. दिसत असतील तर बहर वाया जाईल, हे गृहीत धरूनच हात लावावा. शेवंतीचेही तसेच आहे. फुले सरल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास, झाड जमिनीपासून चार-सहा बोटांवर कापावे आणि मुळाशी येणारे फुटवे वेगळे करून लावावेत, ही खरी रीत. आपल्यापुढे पायाचे काम असल्यामुळे प्रत्येक ठोंब मातीच्या मोठ्या गोळ्यासह जुन्या घमेल्यात किंवा कुंडीत बसवावा. शेवंती हा प्रवास इतर फुलझाडांपेक्षा बऱ्यापैकी सोसते.

निशिगंधाला यातील कशाचीच घाई नाही. पाणी बंद करावे, पाने पिवळी पडली की कंद काढावेत, माती झाडून ते सावलीत, हवेशीर जागी वाळवावेत आणि थेट होळीनंतर लावावेत. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवतालच्या पिल्लांपैकी सुपारीएवढे वा त्याहून मोठे कंद निवडले, तर त्याच वर्षी दांडे मिळतात.

प्रश्न : मोबाइलवर परदेशी बागांची चित्रे पाहून पिओनी या फुलाचे कंद मागवावेसे वाटतात. विक्रेत्याच्या माहितीत ‘शरद ऋतूत लावावे’ असे लिहिले आहे. आमच्याकडे ते येतील काय?
– एक वाचक, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : मागवू नयेत. त्या सूचनेतील शरद ऋतू युरोपातील किंवा अमेरिकेच्या उत्तर भागातील आहे. तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडाचा वरचा भाग विश्रांतीला जातो, माती मात्र उबदार असते, आणि जमीन गोठण्यापूर्वी पाच-सहा आठवडे मिळाले तर मुळ्या स्थिरावतात. पिओनीच्या मांसल मुळ्या तेव्हा, त्यांवरील डोळे मातीखाली ५ सेंटिमीटरपेक्षा खोल जाणार नाहीत अशा बेताने, लावतात. पुढे कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय त्या डोळ्यांतून फूल धरत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री पारा कधीमधी १० अंशांखाली उतरतो, पण दुपारी ऊन असते. ही थंडी पिओनीला पुरत नाही, आणि त्यातूनही कोंब निघालाच तर तो मे महिना काढणार नाही. त्याच पैशांत शेवंतीचे चार-पाच निरनिराळे वाण येतील.

प्रश्न : सोनटक्का आणि कर्दळ यांची फार दाटी झाली असून फुले कमी येतात. आताच वेगळी करावीत काय?
– एक वाचक, लाखनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : कर्दळ आता करता येईल. सोनटक्क्याची फुले नुकतीच संपत असतात आणि थंडीत तो झोपी जातो, म्हणून त्याला फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावे. दोन्हींचे गड्डे धारदार पावशीने कापावेत, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवावेत, आणि काप दिवसभर सावलीत सुकू द्यावा. आपल्या धानपट्ट्यातील हलकी माती लवकर वाळते, तेव्हा सोनटक्का मोरीच्या पाण्याजवळ, अर्ध्या सावलीत लावावा. मात्र कपड्यांच्या साबणाचे पाणी त्याकडे वळवू नये.

प्रश्न : गेल्या वर्षी कुंडीतून जमिनीत लावलेल्या अनंताची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पाणी वाढवले, तरी फरक नाही.
– एक वाचक, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : पाणी वाढवल्याने हा दोष बळावतो. आपल्या भागातील संत्र्याच्या बागांतही अशी पाने दिसतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते मुळ्यांना घेता येत नाही, आणि बोअरचे जड पाणी त्यात भर घालते. अनंताला आम्ल माती लागते, त्यामुळे या जागी तो कायमचा आजारी राहील. फेरस सल्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून सायंकाळी फवारल्यास पाने काही काळ हिरवी होतात. आधी एका फांदीवर करून पाहावे, कारण कोवळे पान करपू शकते. खरा उपाय म्हणजे या कार्तिकात तो मोठ्या कुंडीत परत घेणे. कुंडीत पालापाचोळ्याचे कुजलेले खत निम्मे घालावे आणि शक्य असेल तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

प्रश्न : दारातील पारिजातक डोक्याएवढा उंच असून सध्या फुलत आहे. तो आता हलवता येईल काय?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. बहर ओसरून पाने झडू लागली की फेब्रुवारीत त्याला गुडघ्याइतका छाटावा आणि मगच गोळ्यासह काढावा. त्याच्या बुडाशी गुडघ्याखालील उंचीची रोपे उगवलेली असतील, तर ती मात्र आताच उचलावीत.