गणवेश उतरवल्यानंतर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

सैन्यातून परराष्ट्र सेवेत जायचं ठरवलंस, फार आनंद झाला. मीही याच वाटेनं गेलो, म्हणून जड काय जाईल ते आधी सांगतो. शिस्त, राहणी, शिष्टाचार यांची काळजी नको, ते तुझ्या अंगात आहे. जड जाईल ते काम अर्धं ठेवून उठणं. चौकी हाती आली की नाही, हे संध्याकाळपर्यंत कळतं. वाटाघाटीत कित्येक महिन्यांनी मसुद्यातला एक शब्द बदलतो. सुरुवातीला मी एकदा वैतागून समोरच्याला म्हणालो, ‘हो की नाही, एवढंच सांगा.’ त्यानं ‘नाही’ सांगितलं. तो विषय पुन्हा निघायला दीड वर्ष गेलं.

कोरियाचा इतिहास नीट वाच. उत्तर आणि दक्षिण कोरियातल्या युद्धात 27 जुलै 1953 रोजी शस्त्रसंधी झाली, पण मायदेशी जायला नकार देणाऱ्या सुमारे 22,600 कैद्यांचा प्रश्न उरला. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर पहारा होता मेजर जनरल थोरातांच्या भारतीय दलाचा. दक्षिण कोरिया या दलाला आपल्या जमिनीवर पाऊल ठेवू देईना, म्हणून जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. पुढे कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या कुंपणात शिरले आणि बोलून बोलून त्याला सोडवून आणलं. थिमय्या आणि थोरात, दोघांनीही 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात, कांगावच्या लढाईत आपापली पलटण लढवली होती. गोळी सुटल्यावर काय होतं हे थोरातांना कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्यासारख्यांनी या कामात न्यायची शिदोरी हीच, असं मला वाटतं.

थिमय्यांचा निर्णय मला त्याहून अवघड वाटतो. मुदत संपत आली, कैद्यांचं भवितव्य ठरवायची राजकीय परिषद भरलीच नाही. जानेवारी 1954 मध्ये त्यांनी कैदी ज्यांच्या ताब्यातून आले होते त्यांच्याकडेच परत सोपवले. दोन्ही बाजू नाराज. आपल्या अधिकारात नव्हता तो निकाल त्यांनी दिला नाही. तरुणपणी मला हे कच खाणं वाटायचं. आता तसं मुळीच वाटत नाही.

आणखी एक. 1961 च्या व्हिएन्ना करारानं यजमान देशातली परिस्थिती जाणून घेणं हे दूतावासाचं काम मानलंय, पण ‘कायदेशीर मार्गांनी’. या दोन शब्दांखाली रेघ मार. पूल दिसला की तो किती वजन पेलेल हे तुझ्या मनात येणारच. ते मनातच राहू दे. अहवाल मात्र सैन्यात लिहायचास तसाच लिही: डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, कानावर आलेलं वेगळं, आणि स्वतःचा अंदाज त्याखाली, अंदाज म्हणूनच. वरिष्ठांना आवडेल म्हणून त्यांची सरमिसळ करू नकोस. त्या कागदावर विसंबून कुणीतरी पलटण हलवतं, हे तुला ठाऊक आहे.

कुठली भाषा शिकायला मिळाली ते कळव.

तुझा,
एक जुना सैनिक