महाराष्ट्रात ख्रिस्ती व्यक्तीने आपली श्रद्धा इतरांपर्यंत कशी पोहोचवावी?

ऐकणाऱ्याच्या परिचयाच्या भाषेत आणि कलाप्रकारात, कोणतेही आमिष किंवा भीती न दाखवता आपली श्रद्धा मांडावी. मराठीत ही वाट जुनी आहे: फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त बायबलमधील कथा ओवीबद्ध आहे, तर १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी येशूची भक्ती अभंगांतून व्यक्त केली आणि कीर्तनाला उभे राहून ती श्रोत्यांपुढे गायिली. रस्त्यात हाती दिलेले पत्रक बहुधा न वाचताच घडी घालून खिशात जाते. टाळ-मृदंगावर चाललेले आख्यान मात्र ख्रिस्ती नसलेला श्रोताही बसून ऐकतो, असे मला वाटते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य दिले असले, तरी दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे औषधोपचार, शाळाप्रवेश किंवा आर्थिक मदत यांची सांगड श्रद्धा स्वीकारण्याशी कधीही घालू नये.