नवी सायकल, जुने गुडघे

प्रश्न : ताई, माझं वय ४६, वजन ७२ किलो. दहा वर्षं रोड बाईक चालवतोय, दीडशे किलोमीटरच्या राइड बऱ्याच झाल्यात. गेल्याच आठवड्यात ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या-कच्च्या रस्त्यासाठी जाड टायरची सायकल, घेतली. ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे एकच चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र). तीन आठवड्यांनी २०० किलोमीटरची राइड आहे, निम्म्याहून जास्त रस्ता कच्चा आणि चढ भरपूर. सोबतचे म्हणतात, नवी सायकल मोठ्या राइडला न्यायची नसते, जुनीच काढ. मग ही घेतली कशाला, असं मला वाटतं. काय करू?

उत्तर : नवीच न्या. शंभर किलोमीटर खडीवर रोड बाईकचे बारीक टायर घेऊन जाण्यात शौर्य असेल, शहाणपण नाही. तुमच्या मित्रांचा मुद्दा मात्र उडवून लावू नका. नव्या सायकलीचं सगळं अजून ‘बसायचं’ असतं. गिअर केबलचं आवरण दोन्ही टोकांना दबून बसतं, म्हणजे दुकानातून लोण्यासारखे पडणारे गिअर शंभरेक किलोमीटरनंतर कुरकुरायला लागतात. स्पोक आपापल्या जागी बसतात आणि चाक जरा आऊट होतं, म्हणजे फिरताना डुलतं. बोल्ट बसतात. हे सगळं पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये होऊन जातं. ते राइडच्या दिवशी व्हायला नको, एवढंच बघायचं. तीन आठवडे भरपूर झाले.

मी काय केलं होतं ते सांगते, म्हणजे उलट करता येईल. माझी पहिली ग्रॅव्हल बाईक घरी आली आणि तिसऱ्या दिवशी मी १६० किलोमीटरला निघाले. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, कार्बनचा होता. मी सवयीने त्याला ग्रीस चोपडलं. कार्बनला ग्रीस नाही, बारीक कणांची पकड देणारी वेगळी पेस्ट लावतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि रात्री अकराला आठवणं यात फरक आहे. कच्च्या रस्त्यावरच्या प्रत्येक हादऱ्याला पोस्ट केसभर खाली. साठ किलोमीटरला गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागलं. मला वाटलं, वय. नव्वदला वाटलं, सराव कमी पडला. एकशेदहाला मागून येणारी मैत्रीण ओरडली, “अगं, बेडकासारखे गुडघे बाहेर का फेकतेस?” उतरून बघितलं तर सीट १३ मिलिमीटर खाली गेलेली. एवढं आपल्याला कळत कसं नाही, असं तुम्ही म्हणाल. इंचाइंचाने नाही, केसाकेसाने सरकलं की नाही कळत. तेव्हापासून फ्रेममध्ये पोस्ट जिथे शिरतो तिथे मी इलेक्ट्रिकची टेप एक वेढा गुंडाळते. टेप चोळामोळा झालेली दिसली की पोस्ट सरकला.

तेव्हा आज पहिलं काम टेप आणि मोजपट्टीचं. जुन्या सायकलीचा क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि नव्या सायकलीला तेच ठेवा. क्रँकची लांबी दोन्हींकडे सारखी आहे ना, तेही बघा. ती क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते. दहा वर्षांत तुमच्या गुडघ्यांनी ते माप पाठ केलंय. हँडलचं मात्र जुन्यासारखं करायच्या भानगडीत पडू नका. ग्रॅव्हलचं हँडल उंच आणि खाली फाकलेलं असतं ते उतारावर ताबा राहावा म्हणून. जुनी सीट मानवत असेल तर खुशाल काढून नवीला लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पॅडलही तुमचे जुनेच लावाल. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे दहा वर्षांनंतरही माणूस विसरतो आणि क्रँकचे आटे खाऊन बसतो.

ब्रेकला एक संध्याकाळ द्या. रिकाम्या रस्त्यावर तीसच्या वेगाने जायचं आणि एकच ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगावर यायचं. पूर्ण थांबायचं नाही, चाक जाम करायचं नाही. पंधरा-वीस वेळा पुढचा, तितक्याच वेळा मागचा. पॅडचा पातळ थर डिस्कवर चढला की खरी पकड येते. तोवर लांब उतारावर जाऊ नका. डिस्कला बोट लावू नका आणि चेनला तेल घालताना स्प्रे तर नकोच. तेल प्यालेला पॅड सहसा पुन्हा सुधारत नाही.

हवेचं काय? इथे रोडवाल्यांचा हात हमखास जड असतो. तुमच्या वजनाला मागे ३५, पुढे ३२ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करा. त्याच खडीच्या तुकड्यावर दर खेपेला दोन-दोन कमी करत जा. सायकल दगडावरून उडायची थांबून दगड गिळायला लागली की जवळ आलात. रिमला ठक्कन आवाज आला की दोन वाढवा. आकडा लिहून ठेवा आणि मग कोणी काहीही सांगितलं तरी बदलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या रविवारी सहा तासांची रंगीत तालीम करा. किलोमीटर मोजू नका, तास मोजा. जे सामान राइडला नेणार तेच, त्याच पिशव्यांत, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेला रस्ता मुद्दाम शोधा. (ठरावीक वेगाच्या वर धावणाऱ्या चाकांनी कच्च्या रस्त्यावर अशा लाटा आपोआप उठतात, २००७मध्ये शास्त्रज्ञांनी वाळूवर चाक फिरवून ते दाखवलंय.) त्या लाटांवर कोणती बाटली उडते, कोणती पिशवी चाकाला घासते आणि करंगळी व शेजारचं बोट बधिर होतं का, ते चौथ्या तासानंतरच कळतं. बोटं बधिर होत असतील तर तळहाताच्या कडेवरची नस दाबली जातेय. पकड बदलत राहा आणि सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना, ते तपासा.

खाण्याचाही घोळ याच तालमीत कळेल. डांबरी रस्त्यावर एका हाताने खाता येतं, खडीवर हात सुटत नाही. मग माणूस ‘पुढे खाऊ’ म्हणत दोन तास काढतो. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, तेव्हा चढ सुरू व्हायच्या आधीच्या सपाटीवर खाऊन घ्यायची सवय लावा. चढावर उभं राहून पॅडल मारायची सवय मात्र मोडा. सुट्या खडीवर उभे राहिलात की मागचं चाक जागीच फिरतं.

तालमीनंतर सायकल दुकानात न्या. गिअर, चाकं, बोल्ट सगळं तपासून घ्या. मग हात जोडून सांगते, काही नवीन बसवू नका.

प्रश्न : टायर ट्यूबलेस आहेत, भोकात खुपसायचे रबरी प्लग आहेत. तरी सगळे म्हणतात, जास्तीची ट्यूब ने. ती कशाला?

उत्तर : प्लग भोकाला पुरतो, कडेच्या चिरेला नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरियाची २०० मैलांची ग्रॅव्हल शर्यत तुम्ही ऐकली असेल. २००६मध्ये ३४ जणांवर सुरू झाली, आज तिला अनबाउंड म्हणतात. तिथला चकमकीचा दगड टायरच्या कडा सुरीसारख्या कापतो. २०२३मध्ये तर चिखलाने चाकंच अडवली. लोक सायकली खांद्यावर घेऊन चालत होते आणि ज्यांनी रंग ढवळायची लाकडी पट्टी खिशात ठेवली होती, ते चिखल खरवडून पुढे गेले. तुमच्या वाटेवर चिकणमाती असेल तर ती पट्टी घ्याच.

ट्यूब घालायची एक रंगीत तालीम घरीच करा. ट्यूबलेस व्हॉल्व्हची चकती हाताने सुटते का? पान्ह्याने आवळलेली असेल तर रस्त्यात रडाल. आणि ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. सीलंटने (भोकं बुजवायला ट्यूबलेस टायरमध्ये घालतात त्या द्रवाने) महिनोन्‌महिने गुपचूप बुजवलेले काटे तिथेच बसलेले असतात, नवी ट्यूब त्यांना पहिल्या फेरीतच सापडते. मागचे गिअर बदलणारा डिरेल्युअर फ्रेमला ज्या तुकड्याने जोडलेला असतो, तो हँगरही एक जास्तीचा ठेवा, तुमच्याच मॉडेलचा. तो मुठीत मावतो, पण एकाचा दुसऱ्याला सहसा बसत नाही, म्हणून मित्राच्या पिशवीवर विसंबू नका.