जनरेटरला रेनकोट नको, इरलं द्या

दापोलीच्या घरी आई-वडील दोघंच असतात, पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून तुम्ही २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतलाय. आता तो पडवीत ठेवून चालवायचा की अंगणात ताडपत्री टाकून, हा तुमचा प्रश्न. दोन्ही नको. मी दोन्ही करून पस्तावलोय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतर आमच्या गावात कित्येक आठवडे अंधार होता. पहिल्या दिवशी मी जनरेटर पडवीत ठेवला, सायलेन्सर अंगणाकडे केला आणि खूश झालो. तासाभरात आई डोकं धरून बसली, मग उलटी. आम्ही पित्त समजून कोकम सरबत करत बसलो! शेजारच्या काकांनी दारातूनच ओरडून मशीन बंद करायला लावलं. जनरेटरच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि पडवी तीन बाजूंनी उघडी असली तरी तो वायू दारा-खिडक्यांतून आत शिरतोच. दुसऱ्या दिवशी जनरेटर अंगणात नेला आणि वरून ताडपत्री पांघरली. संध्याकाळपर्यंत ती वितळून सायलेन्सरला चिकटली होती. पेट घेतला नाही, एवढंच नशीब.

हे इंजिन हवेवर गार होतं. पांघरूण घातलं की तीच गरम हवा ते पुन्हा पुन्हा ओढतं. म्हणून भातलावणीच्या बायकांचं इरलं आठवा: पाठीवर पाऊस झेलतं, पण पुढून मोकळं असतं. जनरेटरला तसलं छप्पर हवं.

घरापासून निदान २० फूट लांब जागा निवडा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घराच्या ईशान्येला ठेवलात तर धूर घरापासून दूर जाईल. मात्र घराच्या आडोशाला वारा गिरकी घेऊन मागे वळतो, त्यामुळे ईशान्येला आहे म्हणून भिंतीलगत ठेवू नका, आणि त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा. खाली जांभ्याच्या चिऱ्यांचा दीड फुटी ओटा. त्यावर जुन्या टायरचा तुकडा टाका, हादरे कमी बसतात. वर चार जीआय पाइपांवर उतरता पत्रा, ६-७ फूट उंच आणि सगळीकडून दोन-दोन फूट पुढे आलेला, म्हणजे पागोळ्या ओट्याबाहेर पडतील. झड येते त्या एकाच बाजूला आडोसा करा, तोही मशीनपासून तीन फूट सोडून. तिथे पत्राच लावा. नारळाच्या झावळ्यांचं झाप स्वस्त पडतं, पण सुकलं की जळणच ते. सायलेन्सरची बाजू पूर्ण मोकळी. वादळाचा इशारा आला की जनरेटर बंद करून आत आणा, उडालेल्या पत्र्याने माणूस कापला जातो.

केबल रबराची, जाड घ्या. जनरेटरच्या सॉकेटपाशी तिला खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता मधेच खाली ठिबकेल. बॉडीला अर्थिंग हवंच. आणि घराच्या सॉकेटमध्ये उलटी पिन घालून वीज देण्याचा जुगाड कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून खांबावरच्या वायरमनचा जीव घेते. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी खांबावरच्या तारेला नाहीतर जनरेटरला, एकालाच जोडलेलं राहील.

आता खरी गोष्ट. पावसाने खराब झालेले जनरेटर मी थोडेच पाहिले, बंद ठेवून खराब झालेले पुष्कळ. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून ठेवला की आत दमटपणा साचतो, त्यात आपली खारी हवा. गणपतीपर्यंत गंज चढतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर सैलसर कापडी कव्हर घाला, खालून हवा लागू द्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी शोषतं. महिना-दीड महिना तसंच राहिलं तर पाणी तळाशी बसून कार्बोरेटरचा जेट, म्हणजे इंजिनला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबतो. म्हणून प्रत्येक वेळी पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप विझू द्या, आणि दर पंधरा दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं चालवा. नुसता नको, दोन-तीन बल्ब नि पंखा लावून. फार दिवस बंद राहिला तर आतलं चुंबकत्व उतरतं. इंजिन धडधडतं पण वीज येत नाही. सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात डोकावायला विसरू नका. कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला ती जागा फार आवडते.

एवढं करूनही अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या, बाजूने पाणी शिरलंच, तर दोरी ओढून बघायचा मोह आवरा. दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, वीज असेल तर शेजारी उबेसाठी ६० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब पेटता ठेवा, आणि इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या. एक मेगओहमच्या खाली रीडिंग असेल तर चालवू नका.

पेट्रोल मात्र वडिलांना गरम मशीनमध्ये ओतू देऊ नका. आमचे नाना अजूनही ऐकत नाहीत, म्हणून कॅन मी माळ्यावर नाही, शेजाऱ्यांच्या गोठ्याबाहेर ठेवतो. तेवढं चालत जाऊन येईपर्यंत इंजिन निवतं.