शिंक आली की लघवी सुटते: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, वय ४३, दोन नॉर्मल डिलिव्हऱ्या. शिंकलं, खोकलं किंवा जोरात हसलं की थोडी लघवी सुटते. बाहेर जाताना पॅड लावूनच जाते, झुंबा लावला होता तोही यापायीच सोडला. मैत्रीण म्हणते वयाप्रमाणे होतंच. यूट्यूबवर बघून महिनाभर कीगल (खालचे स्नायू आवळायचे व्यायाम) केले, काडीचा फरक नाही. (सातारा)

उत्तर: होतं बऱ्याच जणींना, पण म्हणून जन्मभर पॅड लावत बसायची गरज नाहीये. पुढे प्यूबिक बोनपासून (ओटीपोटाखालचं हाड) मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते, तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात, तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय टेकलेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते, आणि मग शिंकेचा दाब वरून आला की तिला ऐन वेळी आवळता येत नाही. हे स्नायूच आहेत हो, व्यायामाने सुधारतात.

आता कीगलचं. हा व्यायाम अमेरिकेतल्या अर्नोल्ड कीगल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये मांडला आणि त्यांनी नुसतं 'आवळा' सांगून बाईला घरी पाठवलं नव्हतं, आतला दाब मोजायचं यंत्र वापरून योग्य स्नायू आवळले जातायत का ते तिला दाखवत होते. यूट्यूबवर नेमकं हेच राहून जातं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी पोट आत ओढतात, मांड्या घट्ट करतात, श्वास रोखतात आणि काही जणी तर चक्क खाली जोर करतात, म्हणजे सगळं उलटंच.

करून बघा. कडक खुर्चीवर टॉवेलची गुंडाळी करून तिच्यावर बसा, एक हात पोटावर. चारचौघांत गॅस अडवायचाय असं समजून मागून सुरुवात करा, मग तेच आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आत-वर ओढा. टॉवेलवरून काहीतरी उचललं गेल्यासारखं वाटलं तर बरोबर, टॉवेलवर दाब आला तर चुकतंय. आकडे मोठ्याने मोजा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. पाच सेकंद धरा आणि पूर्ण सोडा, सोडणंही तितकंच महत्त्वाचं. असं ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, हळूहळू १० सेकंदांपर्यंत जा, शेवटी चार-पाच झटपट आवळणी. आणि हे किमान ३ महिने, महिन्यात सोडून देऊन फरक कसा दिसणार? योगवर्गाला जात असाल तर मूलबंध साधारण याच भागाचं काम आहे, ओळखीचं वाटेल.

शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. बादली किंवा गॅस सिलिंडर उचलतानाही तसंच, श्वास सोडत उचला. लघवी करताना धार अडवून व्यायाम मात्र करू नका, त्याने लघवी मागे राहू शकते. झुंबा तूर्त थांबवला तरी चालणं चालू ठेवा, आणि वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी गळती कमी होते.

प्रश्न: मी २९, कर्जत-ठाणे रोजचा लोकलप्रवास. ऑफिसला पोचेपर्यंत पाणी पीतच नाही. घरी असले की मात्र दर अर्ध्या तासाला जावं लागतं, कुठे निघायचं तर आधी दोनदा. (कर्जत)

उत्तर: आधी लघवीची तपासणी करून घे, इन्फेक्शन नाही ना बघायचं, आणि शुगरही. ते नॉर्मल आलं तर बहुतेक सवयीचा भाग आहे. 'आत्ताच जाऊन येते, नंतर मिळो न मिळो' असं सारखं केलं की मूत्राशयाला थोड्यावरच इशारा द्यायची सवय लागते, आणि पाणी कमी प्यायलीस की लघवी घट्ट होऊन ते अजून चिडतं. दोष तुझा एकटीचा नाही, धड टॉयलेट असतात कुठे, मुंबईत बायकांना २०११ पासून राइट टू पी (लघवीला जायचा हक्क) नावाची चळवळ चालवावी लागली ती काय उगाच! तरी घरी असताना वेळ लांबवायला लाग. घाई झाली की बाथरूमकडे धावायचं नाही, बसून चार-पाच वेळा झटपट आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग जायचं. आधी १० मिनिटं वाढव, जमलं की अजून १०, दोन-तीन तासांवर आलीस की झालं. चहा-कॉफी कमी कर. आणि सार्वजनिक टॉयलेटमध्ये अर्धवट अधांतरी बसू नकोस, स्नायू सैल पडत नाहीत, सीट पुसून टिश्यू टाकून नीट बस.

प्रश्न: सुनेचं सिझर होऊन दोन महिने झाले. आता फिजिओकडे जायचं म्हणते. सिझरला याची काय गरज? आम्ही पोट घट्ट बांधायचो, शेक घ्यायचो, बस्स. (इचलकरंजी)

उत्तर: काकू, जाऊ द्या तिला. बाळ बाहेर कुठूनही येवो, नऊ महिने ओझं त्याच झोळीवर होतं. शिवाय पोटावर टाके आहेत, कसं उठायचं, बाळाला कसं उचलायचं हेही तिथे शिकवतात. पोट बांधायचं तर आधारापुरतं, करकचून बांधलं की दाब खालीच जातो. डिंकाचे लाडू खुशाल द्या पण सोबत पाणी, भाज्या, फळं, कारण बद्धकोष्ठ होऊन रोज कुंथणं हा या स्नायूंचा मोठा शत्रू. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट ठेवला की गुडघे वर येतात आणि जोर कमी लागतो. हे तुम्हीही करा.

प्रश्न: वय ६१. संध्याकाळपर्यंत खाली जड वाटतं, अंघोळीच्या वेळी हाताला गोळा लागतो. (जळगाव)

उत्तर: अंग बाहेर येतंय असं दिसतंय, आधी गायनॅककडे जाऊन तपासून घ्या. ऑपरेशन म्हणतील या भीतीने थांबू नका, सुरुवातीच्या टप्प्यात व्यायामाने आराम पडतो आणि पेसरी नावाची आत बसवायची रिंगही मिळते. जुना खोकला असेल तर त्याचा इलाज आधी. लघवीतून रक्त आलं, लघवी तुंबली, किंवा मांड्यांमधला भाग अचानक बधिर झाला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न: लग्नाला वर्ष झालं, संबंधाच्या वेळी खूप दुखतं. कीगल करू का? (नाव-गाव नको)

उत्तर: आत्ता नको. तुझे स्नायू सैल नसून आधीच आवळलेले असू शकतात, अशा वेळी कीगलने दुखणं वाढतं. गायनॅकला दाखव, मग पेल्विक फ्लोअरचं काम करणारी फिजिओ शोध. आतून तपासणी तुझ्या परवानगीशिवाय होत नाही, नको म्हणालीस तरी श्वास आणि सैल सोडण्याच्या व्यायामांनी सुरुवात करता येते. तोवर दुखत असताना सहन करत राहू नकोस, नवऱ्याला स्पष्ट सांग.